समोर बसणारं माणूस

महाडला विद्यापीठाचं मॅनेजमेंटचं कॉलेज आहे. माझ्या मुलाची मुलगी तिथे एमबीएला होती. आईबाप मुंबईला, ही पोलादपुरात आमच्याकडे. पहिल्याच परीक्षेत हिशेबाच्या विषयात नापास झाली. एकटी नव्हे, अर्धा वर्ग झाला. तेव्हा सरांनी पालकांना बोलावलं. मुलाला रजा मिळाली नाही, म्हणून आम्ही म्हातारा-म्हातारी गेलो.

सर म्हणाले, पोरं पाठ करतात, समजत काही नाही. आता रोज शिकवलेलं त्यांनी घरी कुणाला तरी समजावून सांगायचं. ज्याला त्यातलं काही येत नाही अशा माणसाला.

"असं माणूस आमच्या घरात हायच," बायको माझ्याकडे बघून म्हणाली. सरांना हसू आवरेना.

पण नातीसमोर बसली तीच. संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता ऐकायची. स्थिर खर्च काय, बदलता खर्च काय. बायकोला लाज म्हणून नव्हती.

"नाय कळलं गो. परत सांग."

नात परत सांगायची. मग हिचं काहीतरी निघायचंच. "समज, पिठाची गिरणी बंद ठेवली तरी जागेचं भाडं लागतंच ना? ते कशात धरलंस?"

नात अडायची, चिडायची, पुस्तक उघडून बसायची. नाहीच जमलं तर दुसऱ्या दिवशी सरांना विचारून यायची. तो विषय सुटला. सरांचा मुद्दाम फोन आला होता. पुढचे विषयही तसेच सुटले. शेवटी फायनान्सचा एक पेपर राहिला, तो निघाला की पदवी हातात.

भातकापणीच्या तोंडावर बायको गेली. दुपारची आडवी झाली, ती उठलीच नाही.

दिवसकार्य उरकल्यावर नात वही घेऊन माझ्यासमोर बसली. बराच वेळ बोलली.

"कळलं?"

"नाय."

परत सांगितलं. "आता?"

"नाय."

"काय नाय कळलं ते तरी सांगा, आजोबा."

तेच तर सांगता येईना. प्रश्न पडायलाही आधी थोडं डोक्यात शिरावं लागतं. माझे कान तिच्याकडे नव्हतेच, आत चुलीपाशी होते. तिथे कुणी नाही हे ठाऊक असून. आठवडाभर तिने नेटाने सांगितलं. शेवटी मी म्हटलं, "मला काय करायचंय तुझ्या फायनान्सचं?" खरं तेच बोललो. ती वही मिटून उठली.

मग ती बायकोच्या फोटोला सांगायला लागली. भिंतीकडे तोंड करून, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुठे न अडखळता. मला वाटलं, चाललंय झकास. फोटो मध्येच अडवून विचारत नाही, हे माझ्या टाळक्यात आलं नाही.

निकाल लागला. नापास.

सरांचा फोन आला. "आजोबा, आणखी एकदा बसू द्या तिला. घरी ऐकणारं कुणी आहे ना?"

"नाय."

"शेजारीपाजारी?"

"शेजारी कुलपं हायत, सर."

"बरं, परीक्षेची तारीख कळवत राहीन," ते म्हणाले.

नात बिरवाडीला खोली घेऊन कारखान्यात पॅकिंगला लागली. "परीक्षेचं काय गो?" मी फोनवर विचारलं.

"बघू."

"बघू म्हणजे?"

"म्हणजे नाय, आजोबा."

परीक्षा जवळ आली की सर अजून कळवतात. मी तिला सांगतो. ती ऐकून घेते आणि विचारते, जेवलात का.