सासूबाई आणि मेलेलं झाड

साऱ्या जगाने एकमुखाने हो म्हटलं, की आमच्या सासूबाईंच्या तोंडून आपोआप 'नाही' निघतं. लेकीच्या बाळंतपणासाठी त्या अकोल्याहून आयर्लंडमधल्या नास गावी आल्या आणि कोरोनात विमानं बंद झाल्यामुळे दीड वर्ष इथेच अडकल्या. दुसरी कुणी रडली असती. सासूबाईंनी झाडं ओळखायला घेतली. एका झाडाला आठ दिवस, असा हिशोब. माझा रेनकोट नऊवारीवर चढवून त्या झाडासमोर उभ्या राहत, साल चाचपत, पान चुरगळून हुंगत, आणि एकदा तर कळी चावून दिवसभर तोंड वाकडं करून बसल्या. मी त्यांच्या फोनवर झाडं ओळखणारं ॲप घालून दिलं, तर म्हणाल्या, "तुमचं स्थळ आलं तवा मी फोटोवर भागवलं नाई, जवाईबापू. दोनदा तुमच्या घरी येऊन पाहून गेली मी."

एकवीसच्या मे महिन्यात आमच्या वस्तीतली सगळी झाडं हिरवी झाली, फक्त कोपऱ्यातलं एक उघडंच राहिलं. रहिवाशांच्या कमिटीने ते मेलं असं ठरवलं आणि करवतवाला बोलावला. सासूबाई धावल्या आणि खोडाला पाठ लावून उभ्या राहिल्या. करवतवाला माझ्याकडे पाहून हसला, "तुमच्या बाईंना सांगा, डेड आहे ते."

"नॉट डेड. लेट!" सासूबाई कडाडल्या. त्यांनी डहाळी नखाने खरवडून आतला हिरवा रंग दाखवला, टोकाच्या फुगलेल्या काळ्या कळ्या त्याच्या नाकासमोर धरल्या. "हिवाळाभर पायते मी याले. काहून कापतो रे बाप्पा?" मराठी त्याला कळली नसावी, पण आवाज कळला. "ग्रँड, मिसेस. दोन आठवडे थांबतो," म्हणून तो गेला; "ग्रँड" म्हणजे इथलं "बरं".

बाराव्या दिवशी पालवी फुटली, पण अर्ध्याच झाडाला. उरलेलं अर्धं खरंच रोगाने गेलं होतं. कमिटीच्या बाई बघायला आल्या तेव्हा मीच खजील झालो. सासूबाई मात्र मान ताठ ठेवून करवतवाल्याला एकेक वाळकी फांदी बोटाने दाखवत राहिल्या. "हे ने. हे ने. याले हात लावशील तर पाय मंग!"

सप्टेंबरात त्या परतल्या. जाताना म्हणाल्या, "याची पानं सगळ्यात आधी गळतीन. घाबरू नका."

तशीच गळली, हिरवी असतानाच. मी फोन करून सांगितलं. मला वाटलं, त्या विजयाने हसतील. पण त्या हळूच म्हणाल्या, "थंडी लय पडली का तिकडं?"