ओट्यावरचा ब गट

लग्नाआधी मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. आज झोपेतून उठवून विचाराल तरी सांगेन, की आमच्या जिल्ह्याच्या स्पर्धेत ब गटात आठ संघ असतात, त्यातले पहिले दोन वरच्या अ गटात जातात आणि आमच्या खापर गावचा संघ तिसरा येतो. हे ज्ञान मी हौसेने मिळवलेलं नाही. ते रोज संध्याकाळी माझ्याच ओट्यावर, माझाच चहा पीत, चार माणसांनी माझ्या कानात ओतलं.

नवरा आश्रमशाळेत शिक्षक. शाळा संपून घरी गेलेल्या डोंगरातल्या पोरांना पुन्हा गोळा करून त्याने हा संघ उभा केला. मी तापीकाठची, शहाद्याजवळच्या गावातली. माझ्या माहेरी गुजरी बोलतात, त्याच्या घरी अहिराणी. त्यामुळे आम्ही दोघं भांडतो ते मराठीत, आणि दोघांनीही ती शाळेत शिकलेली असल्यामुळे आमची भांडणं फार शुद्ध असतात.

शहाद्याला एका खाजगी शाळेत मी गणित शिकवायची. लग्न ठरलं तेव्हा नवरा म्हणाला होता, "एक वर्ष कळ काढ. टीम वर गेली की कोणाच्या तरी हातात देतो आणि शहाद्याकडे बदली मागतो." मला ते पटलं. माणसाने एखादं काम हातात घेतलं की तडीस न्यावं, असं मला तेव्हा वाटायचं. एकाची तीन वर्षं झाली. आमच्या मुख्याध्यापिका बाई दर उन्हाळ्यात फोन करायच्या, "येतेस ना जूनला?" आणि मी दर उन्हाळ्यात सांगायची, "गोलफरकाने हुकलं हो बाई." त्यांना त्यातून काय अर्थबोध व्हायचा देव जाणे.

चौथ्या वर्षी संक्रांतीला त्यांनी स्पष्टच सांगितलं. "जूनपर्यंत तुझी जागा ठेवते. मग कायमचं माणूस घेणार." फोन ठेवून मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "यंदा जाणारच आपण वर. तू सामान बांधायला घे."

तर असा माझा जीव त्या संघात अडकला होता. गावात माझ्याएवढा कट्टर पाठीराखा दुसरा नव्हता. बाकीच्यांना संघ वर जायला हवा होता, मला खापरमधून बाहेर पडायचं होतं. गावाशी माझं वैर नाही. बाजार चांगला भरतो, माणसं मायाळू आहेत. पण दुपारी नवरा शाळेत गेला की मला त्या घरात करायला काही नसायचं. मी शिकवणी काढून पाहिली. पोरं एक तर वसतिगृहात, नाही तर आईबापाबरोबर गुजरातला. मी डबे घासायची, घासलेले डबे पुन्हा घासायची. वर्गात बोलून बोलून जिचा घसा बसायचा ती मी, आता दिवसभरात भाजीवालीशी दोन वाक्यं बोलायची. जीव नुसता कोंडून जायचा.

संध्याकाळी मात्र ओटा भरायचा. मुख्य माणूस म्हणजे कोपऱ्यावरच्या गिरणीवाले काका. भुवयांवर पीठ तसंच घेऊन ते यायचे आणि बसल्या बसल्या हिशेबाला लागायचे. गुणतक्ता सगळ्यांनाच पाठ होता. काका माणसं मोजायचे. आमचे निम्मे खेळाडू दिवाळीनंतर ऊसतोडीला नाही तर सुरतकडे बांधकामावर जातात, तेव्हा संघ कसा खेळेल यापेक्षा कोण हजर असेल हा प्रश्न मोठा असतो.

"गोलकीपर?"

"आठेच शे."

"त्याले धरू. डावा बॅक?"

"त्याना बाप ऊस तोडाले गया. तो बी गया समजा."

"त्याले नका धरू."

असं अकरा नावांचं चालायचं आणि मी आत आलं किसता किसता माझी स्वतःची आकडेमोड करायची. डावा बॅक धरला की शहादा जवळ यायचं, नाही धरला की लांब जायचं.

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, हे इतर संघांनाही कळतं. म्हणून सगळ्यांच्या सोयीने शेवटचा सामना दर वर्षी होळीनंतर लगेच ठेवतात. डोंगरातला माणूस कुठेही असो, होळीला घरी येतोच. त्या वर्षी शेवटच्या सामन्याला आम्ही तिसरे होतो, नवापूर दुसरं, आणि सामना नवापूरशीच. जिंकलो तर आम्ही वर. बरोबरी झाली तरी नवापूर वर. काकांनी अकराच्या अकरा नावं धरली. इतकी वर्षं ओट्यावर बसून ते पहिल्यांदा म्हणाले, "मॅडम, आखो एक चहा." मी दूध जास्त घालून केला.

होळीला आठवडा-दीड आठवडा राहिला असताना आमचा सेंटर फॉरवर्ड ओट्यावर आला. संघाचे निम्म्याहून जास्त गोल त्याचे. डोंगरातला, नवऱ्याचा जुना विद्यार्थी, अंगाने काटकुळा, बोलायला लाजरा. खाली मान घालून त्याने सांगितलं, की यंदा तो बुध्या बनणार आहे, सामन्याला येणार नाही.

ओट्यावर कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. मलाच काय ते अर्धवट माहीत होतं. पावसाळ्यात त्याच्या तान्ह्या पोरीला ताप भरला होता. अक्कलकुव्याहून तिला नंदुरबारला नेलं, तेव्हा त्याच्या आईने देवाला नवस बोलला, पोर उठली तर बाप होळीला बुध्या होईल. डोंगरातल्या काठी गावच्या होळीला लोक ज्यांचे फोटो काढायला येतात ते हेच. अंगभर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला वाळके भोपळे आणि घुंगरं. फोटोत नेम दिसत नाही. घरी जायचं नाही, खाटेवर बसायचं नाही, जमिनीवर झोपायचं, आणि आपला मेळा सोडायचा नाही. मेळा एका गावच्या होळीहून दुसऱ्या गावच्या होळीला चालत जातो. आमच्या सामन्याच्या दिवशी तो वर कुठल्या तरी तिसऱ्या गावात असणार होता.

नवरा गप्प बसला होता. मला वाटलं, त्याला धक्का बसलाय.

मग काका म्हणाले, "त्याले नका धरू," आणि बोटं मुडपून नव्याने मोजायला लागले. एका दिवसासाठी नेम मोड, असं त्या ओट्यावरचं एकही माणूस म्हणालं नाही. ते फक्त माझ्या मनात आलं. मनातच राहिलं, कारण ती पोर चांगली बरी होऊन आईबरोबर बाजाराला येते आणि माझ्याच ओट्यावर रांगते. मी तिला बिस्किट भरवलेलं आहे. त्या पोरीच्या बापावर चिडायचं तरी कसं? मी दूध उतू जाऊ दिलं आणि त्यावर चिडले.

नंदुरबारला आम्ही सगळे एका क्रूझरमध्ये कोंबून गेलो. खेळाडू आत, पाठीराखे मागे, आणि मी पुढे ड्रायव्हरशेजारी, कारण मी मॅडम. नवऱ्याने सेंटर फॉरवर्डच्या जागी मोबाइलचं दुकान चालवणारा एक पोरगा घेतला होता. पळायला चांगला, पण चेंडू पायात आला की गोंधळायचा.

मी आयुष्यात इतकी ओरडले नव्हते. शेजारच्या नवापूरच्या माणसाने मला विचारलं, "ताई, तुमचा मुलगा खेळतोय का?" मी तिशीच्या आतली! त्याच्याकडे मी असं पाहिलं, की तो उठून दुसरीकडे जाऊन बसला.

आमची पोरं जीव तोडून खेळली. गोलकीपरने दोन चेंडू असे अडवले, की मला त्याच्या घरी पुरणपोळ्या पोचवाव्याशा वाटल्या. सामना शून्य-शून्य असाच सरत आला. अगदी शेवटी डाव्या बॅकने लांबून चेंडू मारला आणि तो नेमका मोबाइलवाल्याच्या पायात आला. समोर गोल, मध्ये कोणी नाही. आम्ही सगळे उभे राहिलो. आणि त्या पोराने मान वर करून इकडेतिकडे पाहिलं. मला लगेच कळलं तो काय शोधतोय. चार वर्षं या संघाला एकच शिकवण होती, चेंडू मिळाला की सेंटर फॉरवर्डला द्यायचा. तो सवयीने त्याला शोधत होता. आपणच त्याच्या जागी उभे आहोत हे त्याच्या लक्षात येईपर्यंत नवापूरच्या बॅकने चेंडू बाहेर काढला.

शिट्टी झाली. नवापूरचे लोक मैदानात धावले. मी जागेवर बसले आणि रडले. लोकांना वाटलं मॅडमना संघाचं किती प्रेम. काकांनी मला पाण्याची बाटली दिली आणि समजूत घातली, "पुढला साल पक्कं." मला ती बाटली त्यांच्या पिठाळ डोक्यात घालावीशी वाटली.

परतताना नवरा गाडीत मागे पोरांबरोबर बसला. त्यांना धीर देत होता. माझ्याशी तो बदलीबद्दल बोलला नाही. मीही बोलले नाही. तळोदा आलं तेव्हा मला आपलं वाटलं, बाईंना काय सांगायचं ते उद्या ठरवू.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सेंटर फॉरवर्ड घरी आला. नेम संपला होता. टाचा फुटलेल्या, डोळे झोपेने जड. नवरा घरी नव्हता. मी त्याला बसवलं, चहा दिला, पोरीची चौकशी केली. तो सामन्याबद्दल माफी मागायला आला होता.

"तुझा काय दोष," मी म्हणाले. "पुढच्या वर्षी आहेसच."

"नाही मॅडम." तो कपाकडे बघत होता. "आईने पाच होळ्या बोलल्या आहेत. अजून चार राहिल्या."

मी म्हटलं, अरे देवा, सरांना सांगितलंस का?

"सरांना माहीत आहे. दिवाळीतच सांगितलं. सर म्हणाले, बघू."

त्याला पोरीसाठी खाऊ बांधून दिला आणि वाटेला लावलं. मग मी स्वयंपाकघरात उभी राहिले. दिवाळीत माहीत होतं. संक्रांतीला मला म्हणाला, सामान बांधायला घे. ओट्यावर त्या दिवशी गप्प बसला होता तो धक्क्याने नव्हे. मी माळ्यावरून ट्रंक काढून निम्मी भरलीही होती.

नवरा आल्यावर मी विचारलं, "तुम्हाला पाच वर्षांचं माहीत होतं?"

त्याने चपला काढायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. "माहीत होतं म्हणजे... त्याच्याशिवायही जिंकलो असतो आपण. तूच पाहिलंस ना? तो एक चेंडू—"

"मी चेंडूचं विचारत नाहीये."

"मग तू काय विचारतेस?"

त्याला खरंच कळलं नव्हतं, की कळून घ्यायचं नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही. तो वाईट माणूस नाही. खापरमध्ये तो रस्त्याने निघाला की पोरं सायकलवरून उतरतात. शहाद्याला तो दहा शिक्षकांतला एक झाला असता. त्याला इथून जायचंच नव्हतं, आणि हे तोंडाने म्हणायला लागू नये म्हणून चार वर्षं त्याने फुटबॉल पुढे केला. मला भयंकर राग आला. त्याहून जास्त लाज वाटली, गणिताची बाई असून हा एवढा हिशेब मला सुटला नाही याची.

संध्याकाळी ओटा भरला. शोक संपला होता, नवा हंगाम सुरू झाला होता. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा काका, पाच होळ्यांचं बाजारात कळल्यामुळे, सेंटर फॉरवर्डला चार वर्षांसाठी वजा करून मोलगीकडचा कोणी नवा पोरगा त्या जागी बसवत होते. मी ताट खाली ठेवलं आणि उभ्या उभ्याच सांगितलं, "मी जूनपासून शहाद्याला शाळेत जाणार आहे. तिथेच राहीन."

एकाने कप तसाच हातात धरला. दुसरा म्हणाला, "मॅडम जातीन, मंग सर बी जाई ना?" आणि सगळे नवऱ्याकडे बघायला लागले.

नवरा हसला. "अरे, ती कुठं जातेय," म्हणाला. "रागात आहे. पुढचं बोला."

बाकीचे हसले. सुटल्यासारखे हसले. बशा वाजल्या. मलाही क्षणभर वाटलं, खरंच आहे, मी कुठे जाणार? एकटी खोली घेऊन राहिले तर माहेरचे काय म्हणतील, सासरचे काय म्हणतील. चार वर्षांत मी एकटी जवळच्या अक्कलकुव्यापर्यंतही गेले नव्हते. माझे हात आपोआप रिकामे कप उचलायला गेले.

गिरणीवाले काका हसले नव्हते. त्यांची बोटं अर्धी मुडपलेली तशीच होती. त्यांना पुढचा हिशेब करायचा होता आणि त्यासाठी खरं काय ते कळायला हवं होतं. त्यांनी नवऱ्याला विचारलं नाही. भुवया वर करून माझ्याकडे पाहिलं.

"खरं सांगा मॅडम. तुमले धरू का नको?"

त्या घरात आल्यापासून मला हे कोणी विचारलं नव्हतं.

"नका धरू," मी म्हणाले.

काकांनी मान हलवली आणि एक बोट मुडपलं. नवऱ्याचा कप अजून त्याच्या हातातच होता. तो घ्यायला मी थांबले नाही.