आधी मोजा, मग चहा

लाँड्रीत तिला सगळे वाफबाई म्हणायचे. दिवसभर इस्त्रीच्या टेबलापाशी उभी, तोंडावर वाफ, आणि डोकं फिरलं की मालकालाही सोडायची नाही. मालकानं तिला साधं स्टूल दिलं नव्हतं. बसलं की हात मंदावतो म्हणे. स्वतः मात्र गल्ल्यावर गादी घालून बसायचा मेला. त्या उभं राहण्यानं तिच्या पायाच्या शिरा फुगल्या, घोट्याजवळची कातडी काळवंडली आणि शेवटी तिथं जखम झाली. महिनोन्‌महिने ओली राहिलेली. दवाखान्यातल्या सिस्टरनं पट्ट्या बांधून बांधून ती भरत आणली आणि गुडघ्यापर्यंतचा एक घट्ट मोजा हातात दिला. "खाली साचणारं रक्त हा वर ढकलेल. आता जन्माचा सोबती हाच," म्हणाली.

आणि तरी आज त्याच जागी परत ओल दिसत होती.

"मोजा घालत नाहीस तू," सिस्टर म्हणाली.

वाफबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "घालत नाही? ओढताना बोटं सोलून निघतात, तरी रोज घालते!"

"कधी?"

"सकाळी. सगळ्यांचा चहा, डबे, केरवारे आवरले की."

"म्हणजे पाय चांगला सुजला की." सिस्टरनं कपाळावर हात मारला. "अगं, अंथरुणातून पाय खाली टेकवायच्या आत घालायचा असतो तो! सुजल्यावरच घालायचा असेल तर डोक्यात घाल, थंडीत कान तरी झाकले जातील. आणि ऐक, ही जखम पुन्हा उघडली ना, तर लाँड्री विसर."

वाफबाई रस्ताभर धुमसत घरी आली. राग कुणाकुणाचा करायचा? त्या घरात रोज सकाळ व्हायची ती तिचे पाय जमिनीला लागल्यावरच. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, बसल्या जागेवरून. सासूबाई पलीकडच्या खोलीतून हाक मारायच्या, पडल्या जागेवरून. सासूबाईंचं सगळंच न्यारं. उन्हाळा असो की हिवाळा, कपडे टाचेपर्यंत, अंगाला सदा कापराचा वास, आणि स्वतःची चादर त्या कुणाला धुवायला द्यायच्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता हाक आलीच. "उठलीस का गं? चहा!"

वाफबाई उठली नाही. पलंगावर पाय पसरून ती मोज्याशी झटापट करत होती. टाच भलतीकडेच जात होती.

नवरा दारात आला. "अगं, आईला चहा नाही अजून."

"मला मोजा नाही अजून. या, तुम्ही घाला."

"मी? तुझ्या पायात?"

तोवर सासूबाई भिंतीला धरत येऊन पोचल्या होत्या. "नवऱ्याला पाय धरायला लावतेस? जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळग!"

"नाही बाळगत!" वाफबाईचा आवाज फाटला. "माझा पाय सडला तर चालतो, पण त्याला यांचा हात लागलेला चालत नाही? तुमचा चहा काय आपल्या पायांनी चालत येतो रोज? हेच पाय आणतात तो! बघा ना, बघा एकदा!" आणि तिनं पाय पुढे केला. काळपट घोटा, त्यावरची ओलसर पट्टी.

सासूबाईंनी बघितलं. मग हळूच पलंगाच्या कडेला बसल्या आणि मुलाला म्हणाल्या, "घाल तिला."

तो खाली बसला. केसाएवढे स्क्रू बसवणारा माणूस, पण एका मोज्यानं त्याला घाम फोडला.

सासूबाईंनी स्वतःचे कपडे घोट्याच्या वर उचलले. पायाला चिंधी गुंडाळलेली. ती सोडली तसा कापराचा वास खोलीभर झाला, आणि त्याखालचा दुसराही. जखम तळहाताएवढी होती.

"कधीपासून?" वाफबाईनं विचारलं.

"तुझ्या लग्नाच्या आधीपासून. याच्या बापानं कधी बघितली नाही. मीही दाखवली नाही."

वाफबाईला दया आली. पण राग तिच्या आधी येऊन उभा होता. "म्हणजे कसं ठणकतं ते तुम्हाला ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं. आणि तरी रोज सकाळी मला हाक मारत होतात?"

"मी उठायचेच की तशीच," सासूबाई पुटपुटल्या. "मला वाटलं, बायकांना असायचंच."

"काही असायचंच नसतं!"

मोजा एकदाचा गुडघ्याशी पोचला. वाफबाईनं पाय जमिनीवर टेकवला. नवऱ्याला म्हणाली, "चहा तुम्ही ठेवा." मग सासूबाईंच्या दंडाला धरून तिनं त्यांना उठवलं. रागानंच, पण अलगद.

"चला दवाखान्यात. आज सिस्टरच्या शिव्या आधी तुम्ही खायच्या."