विमलताईचा अंगठा

उमरखेडच्या आमच्या गल्लीत विमलताईसारखी साधी बाई दुसरी नाही, असं सगळे म्हणतात. मीही म्हणतो, फक्त जरा हळू आवाजात. सुनेशी भांडली तर दार लावून भांडते. चाळीस वर्षं कापूस वेचून तिच्या बोटांवरच्या रेषा पुसून गेल्यात, त्यामुळे रेशनच्या दुकानातलं मशीन तिचा अंगठा काही ओळखत नाही. मग ती रांगेतल्या कोणाला बोल लावत नाही की दुकानदाराशी हुज्जत घालत नाही. अंगठा तेलकट केसांवरून दोनदा फिरवते, पदराला पुसते, पुन्हा टेकवते. मशीन ‘पीं’ करतं. दर महिन्याला हा प्रयोग मी मागे उभा राहून पाहतो.

या बाईने जन्मात कोणाच्या पैशाचा, रूपाचा, माडीचा हेवा केला नाही. अपवाद एकाच बाईचा. तिची पाठची बहीण पंचफुला.

पंचफुला वणीला दिलेली. नवरा कोळशाच्या खाणीत होता, आता घरचे दोन ट्रक पळतात. दोघींचं माहेर फुलसावंगी, म्हणजे आमच्या उमरखेडहून एसटीने तासाभराचं. वणीहून यायचं तर अख्खा जिल्हा ओलांडावा लागतो. तेव्हा माहेरच्या पंगतीत पहिलं पान कोणाचं पडावं? जवळचीचं, थोरलीचं. पडत होतं पंचफुलेचं. आणि त्याला कारण एक सही.

आठ वर्षांपूर्वी यांचे बापूजी गेले. तेरवीचं जेवण उरकलं आणि भाऊ गुणवंत हात जोडून बहिणींपुढे बसला. “ताई, वावर माह्या एकट्याच्या नावावर करून द्या. तुमचं माहेर तं हायेच.” बापाच्या मालमत्तेत लेकींचा वाटा कायद्याने येतो, तो भावासाठी सोडला असं लिहून द्यायचं, त्या कागदाला हक्कसोडपत्र म्हणतात. विमलताई लगेच उठली. “कागद कुठं हाये? दे इकडे.” त्याच आठवड्यात तालुक्याला रजिस्ट्री झाली. साक्षीदार म्हणून मी होतो, मूळचा फुलसावंगीचाच. सही झाल्यावर गुणवंतने आम्हाला आलुबोंडे खाऊ घातले आणि ताईला एक हिरवं लुगडं दिलं.

पंचफुला मात्र म्हणाली, “आज मले उपास हाये, दादा. पुढच्या खेपेले करतो सही.”

सही न करण्याचा उपास कोणत्या देवाचा, हे मला अजून कळलेलं नाही. पण तिने तो आठ वर्षं अगदी कडक पाळला.

पुढचं तुम्हीच ओळखा. सही केलेली बहीण म्हणजे जेवून हात धुतलेला पाहुणा. सही न केलेली म्हणजे अजून ताटावर बसलेला. वाढणारा कोणाकडे बघणार? दर उन्हाळ्यात गुणवंत गाडी करून वणीला जायचा, पंचफुलेला घेऊन यायचा, आठ दिवस रस-पोळी चालायची, आणि निघताना हळूच विचारायचा, “मंग फुला, तेवढं सहीचं?” ती गाडीत बसून म्हणायची, “पुढच्या खेपेले, दादा.” विमलताईकडे कोणी येत नसे. तासाभराची एसटी! गुणवंतचा फोन यायचा, “ताई, तुले काय आमंतरण लागते? तुहंच घर हाये.” आपलंच घर असलेल्या माणसाला कोणी न्यायला येत नाही, हे त्या बाईला फार उशिरा कळलं.

पंचफुला मोबाइलवर माहेरच्या आंब्यांचे, भावाने दिलेल्या साडीचे फोटो टाकायची. विमलताईची सून अर्पिता ते दाखवायची, आणि सासूबाई चष्मा लावून, दोन बोटांनी फोटो ताणून ताणून पाहायच्या.

“अर्पिता, हे काठ पाय. बोटभर हायेत का चार बोटं?”

“चार बोटं असतील, आई.”

“अन् माहं लुगडं? पयल्या धुण्यात पाणी हिरवं झालं होतं. आन् थांब, थांब, हे मांगं परात कोनती हाये? माह्या मायची हाये ना थे! माह्या मायच्या परातीत तिले आंबे!”

त्या दिवशी रात्रीची भाजी खारट झाली, असं अर्पितानेच मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं. बरं, विचारलं होतं.

यंदा काय झालं, गुणवंतच्या मुलाचं, रजतचं लग्न ठरलं. मुलीकडच्यांनी अट घातली, आधी कौलं काढा, स्लॅब टाका. गुणवंत कागद काढायला ग्रामपंचायतीत गेला आणि डोकं धरून बसला. वावर तलाठ्याच्या सातबाऱ्यावर असतं, राहतं घर ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात. आपली माणसं तोंडाने म्हणतात ‘बापाचं समदं सोडलं’, आणि कागदावर लिहितात फक्त वावराचा गट नंबर. विमलताईने आठ वर्षांपूर्वी वावर सोडलं होतं. घर अजून बापूजींच्याच नावावर, म्हणजे तिन्ही लेकरांचं!

पुन्हा साक्षीदार लागणार म्हणून गुणवंत माझ्याकडे आला. सगळं सांगितलं आणि वर म्हणाला, “काकाजी, विमलताईले आत्ताच काई बोलू नका.”

मला कोणी असं सांगितलं की ते माझ्या पोटात राहत नाही. गुणवंतची गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि मी विमलताईच्या ओट्यावर.

ती तुरीची डाळ पाखडत होती. ऐकून सूप थांबलं.

“म्हणजे, काकाजी, माही सही अजून बाकी हाये?”

“बाकी हाये.”

“फुलीसारखी?”

“फुलीसारखीच.”

त्या बाईच्या तोंडावर जे आलं, ते मी तिच्या नातवाच्या बारशालाही पाहिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी गुणवंत आला, गाडी घेऊन. यंदा धोंड्याचा महिना नेमका आंब्याच्या दिवसांत आला होता. या महिन्यात लेकी-जावयांना बोलावून तेहेतीस अनारशांचं ताट द्यायचं असतं. “ताई, भाऊजीले घेऊन चाल. धोंड्याचं जेवन हाये.”

“काहून रे बाप्पा? मागच्या धोंड्यात तं तुले रस्ता सापडला नव्हता.”

“असं काय बोलतं, ताई? तुहंच घर—”

“हो. आयकलं मीनं. माहंच हाये.” आणि ती आत साडी बदलायला गेली. एवढा वेळ लावला की गुणवंतने तीन वेळा हॉर्न वाजवला.

मीही गेलो, साक्षीदाराला जेवण असतंच. पाहतो तर पाटावर दोन ताटं, दोन्हींत तेहेतीस अनारसे, दोन्हींत दिवा. वणीच्या जावयाने ते पाहिलं नाही, पुरुष ताट पाहत नाहीत, खातात. पण पंचफुलेने पाहिलं. आठ वर्षांत पहिल्यांदा शेजारी दुसरं ताट!

“दादा,” ती म्हणाली, “ताईची सही तं झालती ना? मंग हे कायले?”

“घराची रायली होती, फुला.”

पंचफुलेचा चेहरा रस आंबट लागल्यासारखा झाला. तिने बहिणीला मिळालेल्या नव्या साडीचे काठ पाहिले. चार बोटं. आपले पाहिले. चारच.

मग विमलताईने सगळ्यांदेखत, अगदी गोड आवाजात सांगितलं, “मी तं उद्याच करतो बाप्पा सही. रजतचं लगन हाये, आपण कायले आड यावं? फुलीचं मात्र मले ठाव नाई. तिचा उपास असते.”

पंगत हसली. पंचफुला काय करते बिचारी! थोरली उदार आणि धाकटी आडमुठी असं गावभर झालं असतं. तडकून म्हणाली, “मलेबी काई उपास नाई. वावराची, घराची, दोनी करतो. उद्याच!”

आठ वर्षं गुणवंतच्या आंब्यांनी जे जमलं नाही, ते बहिणीच्या एका वाक्याने झालं.

दुसऱ्या दिवशी रजिस्ट्री ऑफिसात बाकावर दोघी शेजारीशेजारी. सह्या झाल्या, आता फोटो आणि मशीनवर अंगठा द्यायचा. “थोरलीचा मान आधी,” पंचफुला म्हणाली. “नाई वं माय, लहानीचं कौतुक आधी,” विमलताई म्हणाली आणि पाठीवर हात ठेवून तिला पुढे केलं. पंचफुलेचा मऊ अंगठा. टेकवला आणि ‘पीं’. संपलं.

विमलताई बसली. अंगठा टेकवला. काही नाही. पुन्हा. काही नाही. दुसरा हात, पाची बोटं. मशीन ढिम्म. कारकून म्हणाला, “आजी, बोटं पार घासली तुमची. आधी आधारवर नवीन ठसे घेऊन या. या कागदाला चार महिने मुदत आहे, तेवढ्यात कधीही या.”

“चार महिने?” विमलताईने निरागस विचारलं. “म्हणजे आखाडी, राखी, पोळा झाल्यावर आली तं चालन?”

मी मागेच उभा होतो. त्या दिवशी तिचे केस तेलाने चपचपीत होते. अंगठा एकदाही केसांकडे गेला नाही.

गुणवंतचं तोंड उतरलं, पण ताईला काय म्हणणार? माणसाच्या बोटांवर रागावता येत नाही, त्यातून ती बोटं त्याच्याच बापाच्या वावरात लहानपणी झिजायला लागलेली. त्याने तिला गाडीने घरी सोडलं. अनारशांचं ताट मांडीवर, आणि सोबत मायची पितळी परात. ती म्हणे तिने सहज मागितली.

आखाडीला गाडी आली. गाडी दर वेळी तिला आधी आधार केंद्रावर नेते. तिथे कधी लाइट नसते, कधी विमलताईच्या गुडघ्यात कळ येते. वणीहून पंचफुलेचा एक दिवसाआड अर्पिताला फोन असतो. “ताईचा अंगठा लागला का वं? नाई? मंग दादानं या खेपेले काय देल्लं? फोटो टाक ना.” आता फोटो ताणून पाहायची पाळी तिची.

गेल्या आठवड्यात रेशनच्या रांगेत मी विमलताईच्या मागे होतो. तिने अंगठा केसांवरून दोनदा फिरवला, पदराला पुसला, टेकवला. ‘पीं’. पहिल्याच खेपेला. वळून तिने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलणार, तोच म्हणाली, “काकाजी, सांजीले अनारसे पाठवतो तुमाले. तोंडात धरून ठेवजा. बोलजा नोको.”

पाठवले तिने. डबाभर. मी शब्दाचा पक्का, तोंडात अनारसा असेपर्यंत एक अक्षर बोललो नाही. डबा काल संपला.