माने सरांना पुरावा पाहिजे

भुताचे किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. आमच्या स्टाफरूमच्या कपाटात मुलांच्या विसरलेल्या पाण्याच्या बाटल्या साठतात ना, तसेच. कुणाच्या आहेत माहीत नाही, टाकवत मात्र नाहीत! सोलापूरच्या उन्हात मधल्या सुट्टीत लाइट गेली, पंखा थांबला, की डबे उघडतात आणि कुणीतरी सुरू करतंच, "आमच्या गल्लीत एकदा काय झालं..."

त्यात आमचं टेबल सर्वधर्मीय. हिंदी शिकवणाऱ्या शेख मॅडमकडे जिन्न, ऑफिसातल्या गड्डम मॅडमकडे दय्यम नावाचं तेलुगू भूत, चित्रकलेचे जोसेफ सर ख्रिश्चन, गणिताचे शहा सर जैन. मी मराठीची, त्यामुळे मुंजा, हडळ आणि वेताळ हे खातं माझ्याकडे. आणि या सगळ्यांना एकटे पुरून उरणारे विज्ञानाचे माने सर, मूळचे मंगळवेढ्याकडचे. कुणी काहीही सांगो, भाकरीचा तुकडा शेंगाचटणीत बुडवत त्यांचा एकच प्रश्न, "पुरावा काय?"

माने सर भुताला भीत नव्हते. ते फक्त एका फोनला भीत. मधल्या सुट्टीत तो यायचाच. हात खरकटा म्हणून सर स्पीकर लावायचे आणि सुनंदावहिनींचा आवाज अख्ख्या स्टाफरूमला ऐकू यायचा, "ओला टॉवेल आज परत गादीवर! सोलापुरी टॉवेल हाय तो, गादी भिजती की सगळी!"

सर म्हणायचे, "पुरावा काय?"

"घरी या, दावते!"

वहिनी आता नाहीत. आणि आमचे माने सर, ज्यांनी जन्मभर भुतं उडवून लावली, तेच आता कुणीतरी यावं म्हणून वाट बघतायत. ते सांगणारच आहे, पण आधी थोडं हसून घेऊ. वहिनींनाही तेच आवडलं असतं.

*

शेख मॅडमचा एक नियम आहे. गरम पाणी मोरीत ओतायचं तर आधी बिस्मिल्ला म्हणायचं, कारण मोरीत जिन्न राहतात. त्यांना बाजूला व्हायला वेळ तर द्यायला हवा!

एकदा माने सर प्रयोगशाळेत उकळतं पाणी बेसिनमध्ये ओतत होते. दारातून जाणाऱ्या मॅडम ओरडल्या, "अरे सर, बोल के डालो! बालबच्चे रैते उनके!"

"पुरावा काय?" म्हणत सरांनी पातेलं उपडं केलं. बेसिनखालचा जुना पाइप निसटला आणि सगळं पाणी सरांच्या पायावर! सर टेबलावर चढून बसले. मॅडमनी मलम आणून दिलं आणि अगदी मायेनं विचारलं, "मिल्या क्या पुरावा?"

तेव्हापासून सर पाणी ओतण्याआधी जरा थांबतात. सर म्हणतात, मी पाइप बघतो. मॅडम म्हणतात, ओठ पण हलतात.

*

प्रयोगशाळेत एक प्लॅस्टिकचा सांगाडा आहे. झाडलोट करणाऱ्या महादेवीमावशी वळसंगच्या. त्यांनी अमावास्येला त्याच्या गळ्यात लिंबू-मिरची बांधली. माने सर खवळले, "मावशी, प्लॅस्टिकचा हाय तो! चीनमधनं आलाय!"

मावशींनी झाडू भिंतीला टेकवला. आता त्या खरंच काळजीत पडल्या होत्या.

"आगं बाई, चीनचा व्हय? मग ह्याला आपलं लिंबू कळंल का?"

*

जोसेफ सर दर नोव्हेंबरात अर्धा दिवस रजा घेतात. त्यांच्यात दोन तारखेला, मृतांच्या स्मरणदिनी, सगळे दफनभूमीत जातात, कबरी धुतात, फुलं ठेवतात, मेणबत्त्या लावतात. एका वर्षी मुख्याध्यापक नवे होते. त्यांनी कारण विचारलं.

"वडिलांना भेटायला जायचंय, सर."

"आजारी आहेत का?"

"नाही सर, वारले. बरीच वर्षं झाली."

"मग भेटायला?"

"ते येत नाहीत ना सर, म्हणून मी जातो."

मुख्याध्यापकांनी अर्जावर सही केली. मग म्हणाले, "जा. माझाही नमस्कार सांगा."

*

गड्डम मॅडम लग्न होऊन आल्या त्या पहिल्याच पितरांच्या अमावास्येची गोष्ट. गेलेल्या सासऱ्यांना आवडायचं ते सगळं पानात वाढलं होतं. शेजारी चहाचा कप हवाच, कारण सासरे मागावर विणायला बसले की चहावरच असत. नव्या सुनेनं ऐकलेलं होतं की सासऱ्यांना डायबेटिस होता. तिनं बिनसाखरेचा चहा ठेवला.

सासूबाईंनी बोट बुडवून चव घेतली आणि कपाळावर हात मारला, "अगं, आता कसली शुगर! जिवंत होते तेव्हा मी दिली नाही, आता तरी पिऊ दे माणसाला गोड!"

*

शहा सरांकडे मात्र किस्साच नाही. का, तर त्यांच्यात थांबायची सोयच नाही. "इकडे डोळे मिटले की तिकडे लगेच दुसरा जन्म," ते चुटकी वाजवून सांगत. "वेटिंग लिस्ट नाही! भूत व्हायला सवड कुणाला आहे?" गणिताच्या माणसाचा धर्मही किती नेटका बघा, हातचा राहतच नाही!

*

थंडी सुरू व्हायच्या सुमारास वहिनी गेल्या. ताप आला, दवाखाना झाला आणि बघता बघता सगळं आटोपलं. मला अजून खरं वाटत नाही. मुलगा पुण्याला, नोकरीत. तो राहून परत गेला आणि सर घरात एकटे उरले.

रजा संपवून सर आले. मधली सुट्टी झाली, डबे उघडले, पण बोलायचं काय? भुताचा विषय आता कोण काढणार! सरांनी फोन टेबलावर उलटा ठेवला होता. तो वाजायची वेळ आली तसे आम्ही सगळे उगाच पोळ्या मोडत बसलो.

शेवटी सरच म्हणाले, "तुमच्यात गेल्यालं माणूस येतं म्हणत्यात. कवा येतं?"

शेख मॅडम हळूच म्हणाल्या, "जुमेरात कू आते बोलते, सर, मतलब गुरुवार कू. घर देखने कू. अम्मी हमारी लोबान लगाके रखती थी."

जोसेफ सर म्हणाले, "आमच्यात जगाच्या शेवटच्या दिवशी सगळे उठतात. उशीर होईल, पण भेट नक्की."

गड्डम मॅडमनी अमावास्या सांगितली. मी कावळ्याचं काहीतरी बोलले. मग सर शहा सरांकडे बघायला लागले. शहा सरांनी डब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं.

"आमच्यातही... थोडे दिवस थांबत असतील," ते म्हणाले. "हिशोबात बसत नाही. पण थांबत असतील."

शहा सरांसारखा धर्माला पक्का माणूस मी पाहिलेला नाही. त्या दिवशी मला ते फार आवडले.

माने सर म्हणाले, "मी रोज शाळंला निघताना टॉवेल गादीवर टाकतोय. वला. मुद्दाम." भाकरीचा तुकडा डब्यात परत ठेवत म्हणाले, "अजून कोण वराडलं न्हाई."

मला रडू आवरेना. शेख मॅडमनी आपल्या डब्यातली खीर त्यांच्यापुढे सरकवली.

*

आणि हा मागच्या शुक्रवारचा.

सर आले ते जरा वेगळेच दिसत होते. डबा उघडला, जेवले मात्र नाहीत.

"काल सकाळी टॉवेल गादीवर टाकून आल्तो," ते म्हणाले. "संध्याकाळी कुलूप काढून आत गेलो, तर गादीवर न्हाई. मागच्या बाल्कनीत गेलो. दोरीवर वाळत घातलाय."

किल्ली एकच, ती सरांच्या खिशात. 'काल गुरुवार होता' हे शेख मॅडमच्या ओठांवर आलेलं मला दिसलं, पण त्यांनी ते घासाबरोबर गिळलं. पुरावा काय, असंही कुणी विचारलं नाही.

शहा सर जपून म्हणाले, "सर, तुम्हीच टाकला असेल. इतकी वर्षं ऐकलंय, हाताला सवय लागली असेल."

"मलाबी तसंच वाटलं," माने सर म्हणाले. "पण चिमटे लावल्यात. आणि आमच्या घरात चिमटे कुटं असत्यात, ते मला अजून सापडल्यालं न्हाई."