अंजनाचा सत्कार

चूक माझीच. दिंद्रुडजवळच्या आमच्या वाडीत बायांची दूध संस्था हाय, तिची मी अध्यक्ष, सुंदरबाई. तोंडाळ म्हणून गावभर नाव हाय माझं. पण त्या दिवशी अक्कल घरी ठेवून गेलते.

अंजना साखराबाईची लेक, बावीस वर्षांची. कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवत न्हाई. नायलॉनचं कापड अंगाला लागलं की काढून फेकती, ताटली पडली तरी कान झाकून खाली बसती. गाव म्हणायचं, येडी हाय. बीडचा डॉक्टर म्हणला, येडीबिडी न्हाई, ऑटिझम हाय. तुमाला जे नुसतं ऐकू येतं, नुसतं टोचतं, ते तिला दहापट लागतंय.

दुष्काळात चारा संपला अन् संस्थेचं दूध चारशे लिटरवरून साठावर आलं. तवा ती संस्थेच्या दूध केंद्रावर यायला लागली. कॅनचं झाकण काढायची, वास घ्यायची अन् म्हणायची, "हे नासणार." पहिल्यांदा मी खेकसले, "कावून? मला तर काई वास येत न्हाई." दुपारपर्यंत दूध फाटलं. त्यानंतर वर्षभरात डेरीतनं आमचा एक बी कॅन माघारी आला न्हाई. पोरगी बी लई खुलली. पहाटं साडेपाचला हजर. स्वतःचा हात चावायची, ते बी थांबलं.

मग आमी काय केलं? सत्कार ठेवला. हलगी, लाऊडस्पीकर, झेंडूचा हार, शाल. मीच हार घातला, वर माईक तिच्या तोंडापुढं धरला. पोरगी किंचाळली, हार तोडला, रक्त निघंस्तोवर हात चावला अन् पळाली. शाल तेवढी खांद्याला अडकून गेली.

अकरा दिवस आली न्हाई. साखराबाई म्हणाली, "खोलीतून निघत न्हाई, धड जेवत बी न्हाई. एवढी एकच जागा तिला मानवली होती वं, सुंदरबाई." मी जाऊन तिच्या दाराबाहेर बसले. दार वाजवलं न्हाई. हळूच म्हणाले, "अंजना, चुकलं माझं. आता हलगी न्हाई, हार न्हाई. अन् कॅन आपटणारीला मी बघते."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला दारात उभी. माझ्याकडं बघितलं न्हाई. काखेत ती सत्काराची शाल. तिनं शालीची चौपदरी घडी केली, फरशीवर अंथरली अन् कॅन उचलून तिच्यावर ठेवला. जरा बी आवाज झाला न्हाई.

"आता बरं हाय," म्हणाली, अन् झाकण काढलं.

मला रडू फुटलं. पदर तोंडात कोंबला, आवाज होऊ दिला न्हाई.