प्रिव्हॅरिकेटचा बरोबर अर्थ

शब्दाचा अर्थ चुकला म्हनून लोकायची फजिती होते. माही बरोबर सांगतला म्हनून झाली! हसू नोका, आयका तं पहिले.

त्या सालात आमच्या चांदूर बाजारकडं शेतीवाल्या पोट्ट्याले कोनी पोरगी देत नव्हतं. कपाशीचं नाव निंघालं का पाहुने अर्धा चहा ठेवून उठत. मी संध्याकाळी चार पोरायचा इंग्रजीचा क्लास घेऊन राहिलो होतो. मामानं तेच धरलं. अकोल्याच्या पाहुन्यायले सांगून टाकलं, "भाचा इंग्रजीचा सर हाय!" शेती गायब.

पोरगी शुभांगी, बी.एड. झालेली. बाप शाळेत मास्तर. तिनं पोहे ठेवले, समोर बसली. मले तं पाह्यताच पसंत पडली. अन् पोरगी म्हने, "सर, प्रिव्हॅरिकेट म्हणजे काय हो?"

बाप्पा! हा शब्द मी बापजन्मात आयकला नव्हता. पन सरानं 'माहीत नाही' म्हनावं का? मामा तं माह्याकडं असा पाहून राहिला होता, जसा तो शब्द मीच काढला.

म्हटलं, "ते वाक्यावर हाय."

"मग वाक्यात वापरून दाखवा."

"कोनत्या काळात?"

"साध्या वर्तमानकाळात."

"बोलाच्या इंग्रजीत, का लिवाच्या?"

"बोलायच्या."

"पोहे मस्त झाले. तुमी केले का?"

बाप गालात हसला. पोरगी नाही हसली. म्हने, "बरं, ते राहू द्या. घरी शेती असेलच ना? ती कोण पाहतं?"

आता रोज सकाळी वावरात बैलायमांगं डवरा हाकनारा मानूस मी. म्हटलं, "पाहनारे हायेत."

"म्हणजे कोण?"

"घरचेच."

"शाब्बास!" बाप म्हने. "अर्थ एकदम बरोबर. इतका उलगडून आजवर कोणी सांगितला नव्हता."

घ्या! मामानं परतीच्या यष्टीत अनोळखी लोकायलेबी हे सांगतलं. गावात पेढे वाटले. मलेच वाटाले लागलं, का अर्थ मले पहिल्यापासून येत होता, फक्त ध्यानात नव्हता.

दुसऱ्या दिवशी शुभांगीचा फोन. म्या केसावरून हात फिरवला, मंग उचलला.

"सर, प्रिव्हॅरिकेट म्हणजे सरळ उत्तर न देता टोलवाटोलवी करणं. तुम्ही करूनच दाखवलं."

म्या केसावरचा हात खाली घेतला.

"मला शेतकरी चालला असता हो. आमच्या घरी शेतीच आहे. पण मला सरळ बोलणारा माणूस पाहिजे होता. राग मानू नका." अन् फोन ठेवला.

लय वाईट वाटलं, खरं सांगतो. इतकी चांगली पोरगी, अन् मी तिले पोह्याचं इचारत बसलो! एक 'मीच पाह्यतो शेती' म्हनालो असतो, तं काय जीभ झडली असती?

तेवढ्यात माय कनकेच्या हातानं धावत आली. "काय म्हने रे पोरगी? हो म्हने का नाही?"

म्हटलं, "माय, तिले माहं इंग्रजी लय ध्यानात राह्यलं."